घड्याळ कोणाची अमानत?

जुने घड्याळ दुरुस्त करणे हे कारागिराचे काम आहे, असे आपण मानतो. पण ते घड्याळ शहराच्या मनोऱ्यावर असेल, तर प्रश्न कारागिरीपुरता उरत नाही. दुरुस्ती म्हणजे नेमके काय परत आणायचे आणि काय सोडून द्यायचे?

मुंबईचा राजाबाई टॉवर घ्या. आराखडा सर गिल्बर्ट स्कॉट यांचा, दगड कुर्ल्याचा, उंची २८० फूट. १८६९ मध्ये पायाभरणी झाली, १८७८ मध्ये काम पुरे झाले. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आईचे नाव मागितले. १८६५ मध्ये शेअरबाजार कोसळला, प्रेमचंदांची दौलत गेली. दिलेले दान तेवढे राहिले. २०१५ मध्ये या मनोऱ्याची मोठी डागडुजी पूर्ण झाली आणि २०१८ मध्ये त्या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

कोणी म्हणेल, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना हा खर्च कशाला? त्या पैशात शाळेच्या खोल्या बांधता आल्या असत्या. शाळेतच शिकवत असल्याने हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण खिशातली वेळ माझी असते, मनोऱ्यावरची वेळ आपली असते. माझे घड्याळ चुकले तर मी एकटा उशिरा पोहोचतो. मनोऱ्याचे चुकले तर साऱ्या रस्त्याला खोटी साक्ष मिळते. म्हणून सार्वजनिक घड्याळ ही अमानत आहे. अमानत सांभाळता येत नसेल तर ती जवळ का ठेवावी?

अमानत म्हटले की मालक कोण, हेही विचारावे लागते. १८८० च्या दशकात सरकारचा आग्रह होता की मुंबईने मद्रासची वेळ पाळावी. ती वेळ मनोऱ्यावर दाखवली तरच दिवाबत्तीचा खर्च देऊ, असे सरकारने बजावले. विद्यापीठाने मुंबईची वेळ सोडली नाही. म्हणजे घड्याळ हुकमाचे नव्हते, त्याच्याकडे मान वर करून पाहणाऱ्यांचे होते.

मग जुने ते सारे परत आणायचे का? इंग्रजी अमलात या मनोऱ्याच्या घंटांतून ‘रूल ब्रिटानिया’ आणि ‘गॉड सेव्ह द किंग’च्या धुना वाजत. त्या आज कोणी मागत नाही आणि मागूही नयेत. घंटा ठेवल्या, त्या धुना सोडल्या. घंटा वितळवल्या असत्या तर तो सूड झाला असता. त्याच धुना पुन्हा वाजवल्या असत्या तर ती गुलामी झाली असती. खरी दुरुस्ती या दोन्हींच्या मधली आहे.

आमच्या उर्दू शाळांबद्दलही दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, बंद करा, जमाना बदलला. दुसरा म्हणतो, काहीच बदलू नका. दोघेही दुरुस्तीची मेहनत टाळतात. जबान राखायची, तिच्यातून विज्ञान आणि गणित चांगले शिकवायचे, शेजारची मराठी मनापासून शिकायची, हे काम रोजचे आहे. मनोऱ्याच्या घड्याळाचेही तसेच. एकदा दुरुस्त करून भागत नाही, ते सतत राखावे लागते.

राजाबाईंबद्दल सांगतात की त्या अंध होत्या. जैन धर्माप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवायचे, तर घंटेवरून त्यांना वेळ कळे. रमजानमध्ये आम्हीही त्याच सूर्याची वाट पाहतो. त्यांचे ताट मगरिबच्या आधी, आमचे मगरिबनंतर. एकीची वेळ संपते तिथे दुसऱ्याची सुरू होते. दोघांना खरी वेळ सांगणारे घड्याळ एकच असू शकते. ते नीट चालावे म्हणून खर्च करणे आम्हाला नेकीचे काम वाटते.