दावं





दत्तजयंतीच्या अंकासाठी चार शब्द लिहा, असा निरोप आला तेव्हा वाटलं, महाराजांच्या सहा हातांवर लिहावं. शंख, चक्र, त्रिशूळ, डमरू, माळ, कमंडलू. हा विषय प्रवचनात मी इतक्या वेळा घेतला आहे की झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण या वर्षी तसबिरीचा वरचा भाग राहू दे. खाली पायांशी जे उभे आहेत, त्यांच्याबद्दल लिहितो.

गाय म्हणजे पृथ्वी, कामधेनू. चार कुत्रे म्हणजे चार वेद. हा अर्थ आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे आणि तो खराच आहे. पण त्यात एक गोम आहे. एकदा कुत्र्याला वेद म्हटलं, की कुत्र्याकडे बघायचं राहूनच जातं. देवळातून बाहेर पडताना पायरीवर खरूज झालेलं कुत्रं दिसलं की आपणच "हाड्" म्हणतो. मीही म्हणत होतो. सोवळ्यात असताना तर जरा जास्तच जोरात.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यात कपोत आहे, अजगर आहे, हत्ती, हरीण, मासा, पतंग, कोळी, कुंभारमाशीसुद्धा आहे. गाय आणि कुत्रा मात्र त्यात नाहीत. पुष्कळ दिवस मला याचं कोडं होतं. आता वाटतं, गुरूला लांबून नमस्कार करता येतो. हे दोघे तर घरातलेच. नाथांना दत्तदर्शन झालं ते मलंगाच्या वेशात आणि सोबत कुत्री होती, अशी कथा आहे. ज्याला कुत्री चालली नसती, त्याला महाराजही दिसले नसते.

गुरुचरित्राचा बाविसावा अध्याय आठवा. गाणगापुरात ब्राह्मणाच्या घरी म्हैस होती. वांझ, म्हातारी, दात पडलेले. नाकात वेसण घालून ती माती वाहायला भाड्याने देत. गावात श्रीमंतांची घरं असताना श्रीगुरू नेमके त्या दारात गेले आणि दूध मागितलं. आपण सगळे दुधाचा चमत्कार सांगतो. पण दुसऱ्या दिवशी माती वाहायला म्हैस न्यायला लोक आले, तेव्हा त्यांना परत जावं लागलं, हेही पोथीत आहे. त्या जनावराच्या पाठीवरचं ओझं उतरलं. माझी इतकी पारायणं झाली, पण त्या ओळींवर माझं बोट कधी थांबलं नाही.

थांबलं ते २०१९ नंतर. आता जे लिहितो आहे ते प्रवचनात कधी बोललो नाही.

आमचं गाव कृष्णाकाठी, औदुंबराच्या खालच्या अंगाला. त्या ऑगस्टमध्ये कोयनेचं पाणी सुटलं, वर पाऊस थांबेना. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या गल्लीत रात्री पाणी शिरलं. "निघा, निघा" अशी हाक आली. मी देवघरात गेलो, पादुका घेतल्या, गुरुचरित्राची पोथी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळली आणि डोक्यावर धरून छातीभर पाण्यातून बाहेर पडलो. पोथीला थेंब लागू दिला नाही. नंतर निवाऱ्याच्या शाळेत लोक मला म्हणत होते, "काका, महाराजांनीच पोथी वाचवली."

मागच्या गोठ्यात चंद्री होती. भाकड गाय, सतरा-अठरा वर्षांची. तिचं दावं सोडायचं राहिलं.

विसरलो म्हणावं, तर तसंही नाही. उंबऱ्यात असताना ती एकदा हंबरली होती. मनात आलं, थोरला सोडेल. थोरल्याला वाटलं, बाबांनी सोडलं असेल. शेजाऱ्यांनी जनावरांची दावी कापली होती. ती पोहत वरच्या माळाला लागली आणि जगली. जनावराला पोहता येतं, त्याला फक्त मोकळं असावं लागतं. पाणी ओसरल्यावर आलो, तेव्हा घरचं कुत्रं दाराशी आलं नाही, गोठ्यापाशी बसून होतं. गाठ पाण्याने फुगून अशी आवळली होती की विळ्याने कापावी लागली.

वाडीला दक्षिणद्वार झालं की आपण स्नानाला धावतो. मीही धावलो आहे आणि पुढेही जाईन. पण पादुकांवरून वाहणारं ते पाणी वर कुणाकुणाच्या गोठ्यातून आलं, हा विचार आता डोक्यातून जात नाही.

पुढच्या वर्षापासून मी दर गुरुवारी जनावरांच्या एका निवाऱ्यात जातो. सांगलीपासून फार लांब नाही. "गुरुवारी देवळात दिसत नाही हल्ली," असं काही मंडळी म्हणतात, त्यांना हे उत्तर समजावं.

असे निवारे ही काही परदेशातून आलेली कल्पना नव्हे. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायला काढली, तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले, दंगा झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी मुंबईची पांजरपोळ सुरू केली. आपल्या भागात 'अ‍ॅनिमल राहत' ही संस्था २००३ पासून काम करते. ऊस ओढणारे बैल, वीटभट्टीवरची गाढवं यांना फुकट औषधपाणी, वेसणीच्या आणि जुवाच्या खिळ्यांच्या जाचातून सोडवणं, थकलेल्या बैलांना अखेरपर्यंत सांभाळणं. बैल जोखडातून सुटला की त्यालाही वानप्रस्थ असतो, हे आपल्याला सुचायला हवं होतं, नाही का?

आणि साताऱ्याला गेलात तर संगम माहुलीला जरूर जा. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर राजघराण्याच्या समाध्या आहेत, त्यात थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचीही आहे. शिकारीत वाघाची चाहूल देऊन त्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून त्याला पालखीचा मान मिळाला, असं सांगतात. छत्रपतींना कुत्र्याला पालखी द्यायला संकोच वाटला नाही. माहुलीहून निघालेली कृष्णा कऱ्हाडला कोयनेला भेटून खाली आमच्या दाराशी येते. मी त्या समाधीपुढे उभा राहिलो, तेव्हा चंद्रीच डोळ्यांपुढे होती.

निवाऱ्यातलं काम पवित्र वगैरे वाटत नाही, हे आधीच सांगतो. शेण काढायचं, हौद घासायचा, जखमेतले किडे काढताना जनावर धरायचं. पहिल्या दिवशी मला ओकारी आली. घरी आलो की आंघोळ करून संध्याकाळची पूजा करतो, सोवळं कुठे जात नाही. तिथली पोरं माझ्या नातवाच्या वयाची, आणि मला "काका, दूर व्हा, लाथ बसेल" म्हणून दटावतात.

मी शिकलो त्यातलं थोडं आपल्यासाठी. गोग्रास म्हणून आपण देवळाबाहेर गाईला पुरणपोळी, भात, लाडू देतो. सणाच्या दिवशी पन्नास जणांनी दिलं, की तिच्या पोटात आंबवण होतं, पोट फुगतं, कधी जीव जातो. पुण्य पन्नास जणांना, यातना एकटीला. चारा द्या, कडबा द्या, तोही पिशवीतून काढून. पिशवी तशीच टाकली तर गाय पिशवीही खाते. पोटातून किलोच्या किलो प्लॅस्टिक निघतं. ते काढलेलं मी स्वतः पाहिलं आहे. त्यात नारळाच्या पिशव्या होत्या, उदबत्तीची पाकिटं होती. पोथी मी गुंडाळली होती, तसलीच पिशवी.

कुत्र्यांची भीती वाटते, ती खोटी नाही, आपल्या वयात तर नाहीच. ज्याच्या एका कानाचं टोक कापलेलं दिसेल, त्याची नसबंदी झाली आणि तेव्हा रेबीजची लसही टोचली, अशी ती खूण. तरी चावलं, ओरखडलं, तर हळद-चुना भरत बसू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यायची, पुढचे सगळे डोसही. अंगाऱ्यावर भागवू नका. अंगारा मीही लावतो, पण लस घेतल्यावर.

एका गृहस्थांनी मला विचारलं, "तुम्ही हे सगळं चंद्रीचं पाप फेडायला करता का?" मी हो म्हणालो. त्यांना वाटलं होतं, मी काही वेदान्त सांगेन. खरं सांगायचं, तर फिटतं की नाही ते मला ठाऊक नाही. तिथल्या एका आंधळ्या बैलाला माझा आवाज ओळखू येतो. मी आलो की तो मान वर करतो. तेवढं कळतं.

यंदा जयंतीला जन्मकाळाच्या वेळी, सूर्यास्ताला, मी तिथेच असेन. संध्याकाळचं वैरणपाणी त्याच सुमाराला असतं. पाळणा मनातल्या मनात म्हणेन. कुणाला यायचं असेल तर या. पेढे आणू नका. जुनी गोणपाटं, चादरी आणि हिरवा चारा चालेल. हौद घासायला दोन माणसं नेहमीच कमी पडतात.

निघताना मी एक फेरी मारतो. प्रत्येक दाव्याची गाठ हाताने बघतो. सुरगाठच पाहिजे, एका ओढीत सुटणारी. नवीन पोरांना तीच आधी शिकवतो. जिथे साधी गाठ दिसली तिथे सोडतो आणि पुन्हा बांधतो.