खड्डा कोणाचा?
(निर्गम 21:33, 34)

मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें, कोणीं खड्डा खणून उघडा टाकला व शेजाऱ्याचा बैल त्यांत पडून मेला, तर खड्ड्याच्या धन्यानें बैलाचें मोल द्यावें. माझ्या मनांत वाईट नव्हतें, ही सबब तेथें चालत नाहीं.

4 ऑगस्ट 2011 रोजीं मुंबईपासून सुमारें 20 सागरी मैलांवर 'रॅक कॅरियर' हें जहाज बुडालें. त्यांत 60 हजार टनांहून अधिक कोळसा व सुमारें 290 टन इंधन तेल होतें. तें तेल गळून जुहूच्या वाळूपर्यंत आलें. 2016 सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें, जहाज समुद्रांत जाण्यास योग्य नव्हतें असें ठरवून, मालकांस 100 कोटी रुपये व कोळशाच्या मालकांस, अदानी एंटरप्रायझेस कंपनीस, 5 कोटी रुपये भरण्याची आज्ञा केली. न्याय झाला, पण त्यास पांच वर्षें लागलीं. कोळ्याची चूल इतकी वाट पाहूं शकते काय?

कंपनीला देह नाहीं असें म्हणतात. परंतु तिच्या कागदावर सही करणारास हात आहे, आणि देवापुढें तो एकटाच उभा राहील.

जक्कयास कोणत्याही न्यायालयानें बोलाविलें नव्हतें. तरी त्यानें चौपट परत देण्याचें आपण होऊन कबूल केलें. खरा पश्चात्ताप असा आपल्या पायांनीं चालत येतो.

वर्तकनगरच्या बंधूंनो, गाडीचें काळें तेल आपण गटारांत ओततों, तेव्हां तें खाडीचीच वाट धरतें. आपला खड्डा लहान असला तरी तो आपणच बुजवूं या. प्रभु आपणांस तशी बुद्धि देवो. आमेन.