झालरीचा हिशेब

वकिली करणाऱ्या माणसाला घासाघिशीची सवय जडते असे म्हणतात. आमच्या बाबतीत ती कचेरीतून घरापर्यंत आली असावी. पुतणीसाठी झालरीचा फ्रॉक शिवून घ्यावयाचा होता. बेळगावात आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बाईंनी साध्या फ्रॉकच्या दीडपट शिलाई सांगितली. आम्ही सहज म्हणालो, "बाई, आता सारे यंत्रच करते. झालरीला एवढे श्रम कसले?" बाई रागावल्या नाहीत. "वकीलसाहेब, बसा घटकाभर," एवढेच म्हणून त्यांनी आमच्यादेखत काम सुरू केले.

फ्रॉकच्या घेराच्या दुप्पट लांबीची पट्टी त्यांनी कापली. यंत्राचा टाका लांब केला, वरच्या दोऱ्याचा ताण सैल केला आणि पट्टीच्या काठाशी दोन समांतर टिपा मारल्या. दोन कशाला, असे आम्ही विचारले, तेव्हा म्हणाल्या, "एक तुटली तर दुसरी सांभाळते, आणि चुण्या सरळ बसतात." येथवरचे काम यंत्राचे, पुढचे बोटांचे. खालच्या बाबिणीचे दोरे हलके ओढीत त्यांनी कापड थोडे थोडे मागे सारले. घाई केली की दोरा तुटतो, अन् चुण्या एके जागी दाटतात. पट्टीचे आणि घेराचे चार चार समान भाग पाडून खुणा जुळविल्या, दोन टिपांच्या मधून पक्की टीप मारली आणि शेवटी वर दिसणारी कच्ची टीप उसवून टाकली. मोठ्या शिवणगृहांतील ओव्हरलॉक यंत्रात कापड सरकवणाऱ्या दातांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी मागचीपेक्षा जलद चालविली की कापड आपोआप चुणते. परंतु तेथेही पातळ कापड चटकन चुणते आणि जाड अडून बसते. म्हणून आधी तुकडा चालवून माप घ्यावेच लागते.

आम्ही पाहिले आणि मनाशी खजील झालो. तथापि प्रश्न आमच्या खजील होण्यापाशी संपत नाही. यंत्राने वाचविलेला वेळ अखेर कोणाच्या पदरात पडतो?

टॉमस हूड याने शिवणकरणीच्या हालांवरील आपली प्रसिद्ध कविता 1843 साली लिहिली. 1846 साली एलियास होव याला शिवणयंत्राचे पेटंट मिळाले, 1851 साली आयझॅक सिंगर याला. पुढे व्हीलर अँड विल्सन या यंत्र बनविणाऱ्या कंपनीने हिशेब मांडला, की हाताने चौदा तासांहून अधिक वेळ घेणारा सदरा यंत्रावर सुमारे सव्वा तासात होतो. साक्षीदार हितसंबंधी आहे, हे कोणताही वकील सांगेल. परंतु साक्ष निम्मी मानली तरी बचत थोडकी नव्हे. मग शिवणाऱ्या हातांना विसावा मिळाला काय? 1860 नंतरच्या दोन दशकांत पाश्चात्त्य स्त्रियांच्या पोशाखावर झालरींचे थरावर थर चढले. वाचलेले तास झालरींतच शिवले गेले. आणि अत्यल्प मजुरीत राबवून घेण्याच्या पद्धतीची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश उमरावसभेला 1888 साली समिती नेमावी लागली. तिच्यापुढील धंद्यांत शिवणकाम प्रमुख होते.

मग दोष झालरीचा म्हणावा काय? तसे मानणारेही होऊन गेले. पहिल्या एलिझाबेथ राणीने 1562 साली फर्मान काढून गळ्याभोवतीच्या झालरींना मर्यादा घातली. त्यानंतरच्या काळात त्या झालरी अधिकच विस्तारल्या. 1604 साली इंग्लंडने पोशाखाचे असले कायदे रद्द केले. कायदा कापड मोजू शकतो, हौस मोजू शकत नाही. शिवाय दुप्पट कापड म्हणजे नुसती उधळपट्टी नव्हे; त्या चुण्यांमुळेच घेराला फुलावयास आणि मुलीला धावावयास जागा मिळते.

यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही 1924 साली एका संभाषणात सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. पत्नीचे कष्ट हलके करण्याच्या प्रेमातून ते यंत्र जन्मले, असे त्यांचे म्हणणे होते. ही जन्मकथा इतिहासाच्या कसोटीला किती उतरेल हा भाग वेगळा. कसोटी मात्र योग्य आहे. यंत्र चांगले की वाईट हे नव्हे, तर भार कोणाचा हलका झाला, हे पाहावयाचे.

त्या कसोटीवर आमची घासाघीस उभी राहत नाही. 1872 चा भारतीय करार कायदा सांगतो की, मोबदला अपुरा आहे एवढ्याच कारणाने करार रद्द होत नाही. संमती मोकळेपणाने दिली होती काय, हे ठरविताना मात्र न्यायालय त्या अपुरेपणाचा विचार करू शकते. म्हणजे बाईंनी नाइलाजाने होकार दिला असता तरी आमचे बहुधा कोणी वाकडे करू शकले नसते. परंतु कायद्याने निभावले म्हणून नीतीने निभावले असे होत नाही. यंत्र बाईंचे, ते शिकण्यात घातलेली वर्षे बाईंची, आणि वाचलेल्या वेळेवर हक्क मात्र आम्ही सांगत होतो. गिऱ्हाइकाने दर विचारू नये असे आमचे म्हणणे नाही. यंत्रामुळे आलेल्या स्वस्ताईत त्याचाही वाटा आहे. पण जे श्रम आपण पाहिलेच नाहीत, ते नाहीत असे धरून भाव ठरविण्याचा अधिकार त्याला नाही.

सांगितलेली शिलाई आम्ही मुकाट्याने दिली. ते औदार्य नव्हते. थकलेले देणे होते. पुतणीने फ्रॉक घालून गिरकी घेतली, तेव्हा घरातील साऱ्यांनी झालरीचे कौतुक केले. आम्हांला मात्र उसवून टाकलेली ती कच्ची टीप आठवत राहिली.