गळक्या गाडीची जाहिरात

जुनी गाडी विकायला काढली की जाहिरातीत एक वाक्य हमखास येतं : 'वयाच्या मानाने गाडी उत्तम. जुन्या गाड्यांत असतात तशा बारीकसारीक कुरबुरी आहेत.' इंग्लंडमधल्या जुन्या कॅम्पर व्हॅनच्या बाजारात गेल्या काही महिन्यांत मी हे वाक्य इतक्या वेळा वाचलं, की शेवटी ते मला दिसेनासं झालं. आमचीही व्हॅन विकायची होती आणि जाहिरात लिहायला बसल्यावर बोटांखालून पहिलं तेच वाक्य उतरलं. ते खोटं नव्हतं. पंचाईत तिथेच होती.

व्हॅन फोक्सवॅगनची, १९८६ सालची. इंग्लंडात हिला टी-२५ म्हणतात, जर्मनीत टी-३, अमेरिकेत व्हॅनागन. वर उचलायचं छप्पर, दोन शेगड्या, लहानसा फ्रिज, मागचं बाकडं उलगडलं की पलंग. या मॉडेलची सुरुवातीची इंजिनं हवेवर थंड होणारी होती. १९८२च्या अखेरीस कंपनीने पाण्यावर थंड होणारं इंजिन आणलं, पण ते ठेवलं होतं तिथेच, मागे. रेडिएटर मात्र पुढे, नाकाशी. त्यामुळे गाडीच्या पोटाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन लांब पाइप जातात आणि सोळा-सतरा लिटर कूलंट सतत ये-जा करत असतं. इतका लांबचा प्रवास म्हटल्यावर वाटेत गळायला जागाही भरपूर : रबरी नळ्यांचे सांधे, मागच्या हीटरचा व्हॉल्व्ह, पाण्याचा पंप. या सगळ्या गळत्या मी गेल्या अकरा वर्षांत एकेक करून निस्तरल्या आहेत. उरली ती एकच, सगळ्यांत बदनाम. या इंजिनात सिलिंडर हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये एक जाड रबरी सील असतं. ते ज्या ॲल्युमिनियमवर बसतं तो पृष्ठभाग वर्षानुवर्षांत खात जातो, त्यावर खड्डे पडतात, आणि रबर कितीही चांगलं असलं तरी तिथून थेंब झिरपायला लागतो.

या गळतीची एक खोड आहे, आणि हा लेख तिच्यामुळेच लिहावासा वाटला. सुरुवातीच्या काळात ती फक्त इंजिन थंड असताना होते. इंजिन तापलं, धातू प्रसरण पावला, की फट मिटते. म्हणजे गाडी रात्रभर उभी असताना खाली बशीएवढं ओलं होणार, आणि वीस मैल फिरवून आणली की सगळं कोरडं ठणठणीत. चालवून पाहायला आलेल्या माणसाला न दिसणारा दोष, असं म्हणा ना. दाखवणाऱ्याला काही लपवावं लागत नाही. पाहुणे यायच्या आधी इंजिन तापवून ठेवलं की झालं. त्यात आतिथ्यही दिसतं.

हे मला आमच्या मेकॅनिकने सांगितलं. माणूस सरळ आहे. अकरा वर्षांत त्याने मला कधी जास्तीचं बिल लावलेलं नाही. हेड उतरवायची तर गंजलेले स्टड तुटणार, ते ड्रिल करून काढावे लागणार, कदाचित हेडच नवी घालावी लागणार. त्याने अंदाज दिला बावीसशे पौंडांचा आणि वर म्हणाला, दोन महिने तरी मला वेळ नाही. माझ्याकडे दोन महिने नव्हते. पुण्यात वडिलांना एकटं ठेवणं आता शक्य नव्हतं, परत जायची तारीख ठरली होती, आणि व्हॅनचे पैसे तिथल्या घराच्या दुरुस्तीसाठी मनात धरलेले होते. मग त्याने उपाय सुचवला : गळती बंद करणारी बाटली मिळते, ती ओत, काही आठवडे तरी थेंब दिसणार नाही. आपल्याकडे महामार्गावरचे ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकतात तोच प्रकार. फरक इतकाच, की ट्रकवाला हळद टाकतो ती पुढच्या गावापर्यंत पोचण्यासाठी, आणि त्या ट्रकमध्ये तो स्वतः बसलेला असतो.

मेकॅनिकचा युक्तिवाद मात्र हलका नव्हता. जवळपास चाळीस वर्षांची गाडी घेणाऱ्याला ती गळते हे माहीत नसतं का? तू सांगितलंस, तर तो दुरुस्तीचे पैसे कापेल आणि वर म्हणेल, हा एवढं सांगतोय तर न सांगितलेलं किती असेल. न सांगणाऱ्याची गाडी मात्र चांगली ठरेल. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर लिहिलेल्या निबंधात साधारण याच चक्राचं वर्णन आहे : दोष फक्त विकणाऱ्याला ठाऊक असतो, म्हणून घेणारा सगळ्यांनाच संशयाची किंमत देतो, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. त्यांना पुढे नोबेल मिळालं. आमच्या मेकॅनिकला ते गॅरेजमध्येच कळलं होतं.

कायदाही त्याच्याच बाजूने होता, निदान इथला. धंदा म्हणून गाड्या विकणाऱ्यावर ब्रिटनमध्ये बंधनं आहेत. माझ्यासारख्या खाजगी विक्रेत्याने खोटं सांगू नये, एवढंच. न विचारलेलं सांगायला तो सहसा बांधील नसतो. (ही गाडी जिथली, त्या जर्मनीत जरा वेगळं आहे : 'जशी आहे तशी' म्हणून विकली, तरी ठाऊक असलेला दोष कपटाने दडवलेला निघाला तर विक्रेत्याला त्या अटीमागे लपता येत नाही.) पण मला आठवत राहिला तो आपला १८७२चा करार कायदा. वकिली न करताही मी तो एकदा परीक्षेपुरता पाठ केला होता. त्यातलं सतरावं कलम फसवणुकीची व्याख्या करतं आणि मग उदाहरणं देतं. उदाहरणं घोड्याची आहेत. 'अ' लिलावात 'ब'ला घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे 'अ'ला माहीत आहे. तो काहीच बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. दुसरं उदाहरण : तोच घोडा, तोच 'अ', पण 'ब' ही त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी. इथे नात्यामुळे सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरतं. तिसऱ्यात 'ब' म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन. 'अ' गप्प राहतो. हे गप्प बसणं बोलण्यासारखंच आहे.

दीडशे वर्षांपूर्वीच्या कोणा इंग्रज कायदेपंडिताने त्या मुलीला तिथे आणून उभं केलं आणि कायदा स्पष्ट करता करता मोठा घोटाळा करून ठेवला. कारण घोडा तोच आहे, खोट तीच आहे, आणि तिच्यामुळे पडणाराही माणूसच आहे. बदललं ते फक्त नातं.

हा वाद त्याहून फार जुना आहे. इ.स.पू. ४४मध्ये सिसेरोने अथेन्सला शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात घर विकणाऱ्या एका माणसाची गोष्ट आहे. घर रोगट आहे, लाकूड खराब आहे, खोल्यांत साप निघतात, आणि हे मालकाखेरीज कोणालाच माहीत नाही. सांगावं का? बॅबिलोनचा डायोजिनस म्हणतो, न सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं. घ्या म्हणून कोणी जबरदस्ती केलेली नाही, आणि 'रोगट घर विकणे आहे' अशी दवंडी कोण पिटतं? त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाटसरूला चुकीच्या वाटेने जाताना पाहून गप्प बसण्यापेक्षा हे वाईट आहे. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो. त्याची कसोटी मला अजून पटते : न बोलण्यात दोष नाही, दुसऱ्याला जे कळायला हवं, ते आपल्या फायद्यासाठी त्याला कळू नये अशी इच्छा धरण्यात दोष आहे.

या कसोटीवर ती बाटली सरळच नापास होते. इंजिन तापवून ठेवणंही होतं. गाडीखालची कोरडी जमीन हे पाहणाऱ्याला दिलेलं उत्तर असतं, त्याने तोंडाने प्रश्न विचारलेला नसला तरी. कायद्याचं तिसरं उदाहरण इथे लागू पडावं, असं मला वाटतं.

पण जाहिरातीतल्या त्या वाक्याचं काय? 'जुन्या गाड्यांत असतात तशा कुरबुरी'. हे गप्प बसणं नाही. इथे तर उलट कबुली दिसते. मराठीत यासाठी शब्दप्रयोग तयार आहे, 'नरो वा कुंजरो वा'. अश्वत्थामा मेला, असं धर्मराज म्हणाला. हत्ती की माणूस हे पुटपुटला. त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा तो त्या क्षणी खाली टेकला, असं महाभारत सांगतं. लहानपणी मला प्रश्न पडायचा, की तो खोटं तर बोललाच नव्हता, मग रथ का उतरला? आता वाटतं, खोटं बोलणाऱ्याला निदान आपण खोटं बोलतोय हे माहीत असतं. मोघम खरं बोलणारा मात्र प्रामाणिकपणाचं श्रेयही पदरात पाडून घेतो. 'सगळ्याच जुन्या गाड्या गळतात' हे विधान खरं असल्यामुळेच 'ही गाडी इथून गळते' हे विधान त्याच्या आड सुखाने झोपतं. घेणाऱ्याला गाडीचं वय माहीत असतं. डावीकडच्या हेडचा तो कोपरा त्याला माहीत नसतो, आणि पैसे त्या कोपऱ्याचे पडतात.

शिवाय करारात नसलेलेही काही असतात. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असतं आणि एखादा चमचाही मांजराच्या जिवावर बेतू शकतो. मूत्रपिंडं निकामी होतात. आमच्या गल्लीत चार मांजरं आहेत. मी रात्री इंजिनाखाली झाकणाचा ट्रे सरकवतो. नव्या मालकाला गळती माहीतच नसेल, तर तो ट्रे का ठेवेल?

म्हणून मी ते वाक्य खोडलं आणि नेमकं लिहिलं : डावीकडच्या हेडजवळून, फक्त थंड असताना, आठवड्याला साधारण पाव लिटर. सोबत गेल्या पाच महिन्यांत कधी किती कूलंट ओतलं त्याची वही. 'सकाळी या, गाडी थंड असतानाच पाहा.' बायको म्हणाली, जाहिरात आहे की आरोपपत्र?

तिचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नव्हतं. अँटिपेटरचं ऐकायचं तर थांबायचं कुठे? फ्रिज वाऱ्यात पेटत नाही, सरकता दरवाजा थंडीत अडतो, तिसरा गिअर कधीकधी कुरकुरतो. सगळं लिहिलं तर महत्त्वाचं त्यात बुडून जातं, आणि तोही लपवण्याचाच एक प्रकार होतो. मी त्या कायद्यातल्या मुलीची कल्पना करून पाहिली : तिच्या हातात किल्ली देताना मी काय सांगेन? फ्रिजचं विसरेन, कूलंटचं विसरणार नाही. इथपर्यंत कसोटी कामाची निघाली. त्यापुढे ती टिकली नाही, कारण मुलगी असती तर मी तिला नुसतं सांगून थांबलो नसतो. आधी हेड दुरुस्त करून घेतली असती, विमानाची तिकिटं पुढे ढकलून. परक्याला माहिती मिळते, मुलीला दुरुस्ती मिळते. हा फरक मला पुसता आला नाही, आणि पुसायलाच हवा असंही मला वाटत नाही.

साडेनऊ हजार मागत होतो. पहिल्याने फोनवरच 'हेड' हा शब्द ऐकून आभार मानले. दुसरा साडेचार हजार कमी देतो म्हणाला, म्हणजे दुरुस्तीच्या दुप्पट; मेकॅनिकचं भाकीत शब्दशः खरं ठरलं. तिसरं जोडपं रविवारी सकाळी आठला आलं. तो ओल्या फरशीवर उताणा झोपून टॉर्चने बराच वेळ पाहत होता, ती वही वाचत होती. बाहेर येऊन त्याने विचारलं, 'आणखी काय?' मी गिअरचं सांगितलं. सहा हजार सातशेला व्यवहार झाला. पुण्यातल्या घराचं स्वयंपाकघर यंदा होणार नाही.

जाताना त्यांनी उरलेला कूलंटचा कॅन मागून घेतला, आणि ट्रेही.