ऐनाचा शेंडा

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर दोघा भावांच्या वाट्याला एकाच डोंगराच्या दोन बाजू आल्या. दोन्हीकडे ऐनाचं मालकी रान, खाली भाताची खाचरं.

थोरला दर हिवाळ्यात कोयता घेऊन झाडावर चढे. टहाळ तोडून वाळवायचा आणि पावसाळ्याआधी त्याच राबाने भाताची दाढ भाजायची. भाजल्याने तण मरतं, राखेने रोप जोर धरतं. पण प्रत्येक झाडाचा शेंडा तो राखून ठेवी. बापाने घालून दिलेली रीत होती ती. त्याची झाडं दिसत मात्र केविलवाणी. उघडं खोड आणि वर मूठभर पानं, जावळ काढून शेंडी तेवढी ठेवलेल्या पोरासारखी.

धाकट्याने एकदाच हिशेब केला आणि सगळं रान कोळशाच्या ठेकेदाराला उभं विकलं. परवाना रीतसर होता. पहिल्या वर्षी काहीच बिघडलं नाही. उलट मोकळ्या उतारावर नाचणी अशी आली, की थोरल्याची बायको नवऱ्याला टोमणे मारू लागली.

जंगलखात्याचे साहेब याच दिवसांत आले. बोडके ऐन बघून थोरल्याला म्हणाले, "रानाचा नाश तुम्हीच लोक करता." धाकट्याचे कागद पाहून त्यांनी मान डोलावली. समजूत जुनीच आहे. १८८५ साली मुंबई सरकारने ठाणे-कुलाब्यातल्या जंगलाच्या तक्रारींसाठी आयोग नेमला, तेव्हाही राबाचं भांडण होतंच. तोडलेली फांदी चटकन दिसते; राखलेला शेंडा दिसायला मान वर करावी लागते.

तिसऱ्या पावसाळ्यात धाकट्याच्या उताराची माती त्याच्याच खाचरात उतरली. रोपं गाडली गेली, वर कातळ उघडा पडला. शिमगा सरला तरी दाढ भाजायला त्याच्याकडे पान नव्हतं. तो थोरल्याच्या दारात आला. थोरल्याने दोन भारे काढून दिले. तिसरा मागितला तेव्हा म्हणाला, "आता शेंडेच उतरवावे लागतील. त्यापेक्षा तुझे खुंट बघ. फुटवे आलेत. शेरडं तेवढी आवर."

त्याच चैत्रात साहेब पुन्हा आले. धाकट्याकडचा झरा आटला होता. हंडे घेऊन निघालेल्या बायकांच्या मागोमाग ते थोरल्याच्या ऐनांखाली पोचले. कातळातून करंगळीएवढी धार पडत होती. साहेबांनी ओंजळ पुढे केली.

"बसा साहेब, दम खा," थोरला म्हणाला. "तुमच्या आधी चार हंडे आहेत."