आता बसून खा

कराडच्या सोमवार पेठेत अण्णांचं किराणा दुकान होतं. अण्णा जुन्या शाळेतले. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी आणि सगळ्यात अवघड ती साडेतीनची औटकी, सगळं छडीच्या धाकाने पाठ झालेलं. सत्तावीस रुपये किलोची ज्वारी साडेतीन किलो तागडीत पडेपर्यंत ‘साडेचौऱ्याण्णव’ हा आकडा त्यांच्या तोंडून निघालेला असायचा. उधारीची वही होती, पण ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. कोणाकडे किती थकलंय, कोणाच्या घरी कुठला चहा चालतो, कोणाची लेक बाळंतपणाला आलीय म्हणून डिंक आणि अळीव आधी काढून ठेवायचे, हे सगळं डोक्यात. निपाणीच्या अडत्याशी गुळाच्या ढेपांचा भाव करायचा तो कानडीत. शिव्याही कानडीतच.

बहात्तरी ओलांडली तसा थोरल्याने पाडव्याला दुकानात कॉम्प्युटर आणला आणि वडिलांना म्हणाला, “अण्णा, पुष्कळ केलंत. आता बसून खा.”

हे वाक्य तो मनापासून बोलला होता. पेठेनेही कौतुक केलं. असा मुलगा मिळायला पुण्य लागतं, असं दोन-चार जणांनी अण्णांना ऐकवलं. माडीवर खिडकीजवळ आरामखुर्ची आली, टीव्ही आला. चहा जागेवर, जेवण जागेवर. सून लाखात एक. अण्णा पाण्याचा तांब्या घ्यायला उठले तरी ती धावत यायची. दुकानात उतरले तर थोरला म्हणायचा, “कशाला दगदग करता?” महिन्या-दोन महिन्यांत अण्णांनी उतरणं सोडलं.

वर्ष झालं नसेल, अण्णा बदलले. एकच गोष्ट तीनदा विचारायला लागले. विचारलं एक तर उत्तर भलतंच. जेवण झालंय का ते आठवेना. एकदा देवळातून परतताना आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले आणि कुठे वळायचं ते सुचेना. पानवाल्याने घरी आणून सोडलं. घरात शब्द ठरला, “वय झालं.” या दोन शब्दांनी आपल्याकडे किती विचार थांबवलाय, कोण मोजणार? पाहुणे यायचे, अण्णा समोर बसलेले असायचे, आणि पाहुणे सुनेला विचारायचे, “अण्णा कसे आहेत?”

नात नववीत होती. एका संध्याकाळी तिने आजोबांना गणित विचारलं. अण्णा म्हणाले, “हो हो, घेतली गोळी.” ती हसली नाही. वहीच्या मागच्या पानावर तिने मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘२७ चं औट किती?’ आणि वही समोर धरली.

“साडेचौऱ्याण्णव,” अण्णा म्हणाले. “हे काय विचारणं झालं?”

पोरीने अजून चार-पाच आकडे लिहिले. एकच चुकला, तोही अण्णांनी स्वतः दुरुस्त केला. ती खाली पळाली आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीतच बापाला म्हणाली, “पप्पा, आजोबांचं डोकं जागेवर आहे. त्यांना ऐकू येत नाहीये.”

तिचं म्हणणं निम्मं खरं होतं. कान तपासले तेव्हा दोन्ही बाजूंनी बरंच कमी ऐकू येत होतं. रक्तात बी-१२ खूपच कमी निघालं. घर शाकाहारी, त्यात मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं चालू, आणि ती गोळीही बी-१२ कमी करते. रक्तदाब वाढलेला. शिवाय सर्दीची एक गोळी, झोप छान लागते म्हणून, औषधाच्या दुकानातून परस्पर आणून अण्णा रोज घेत होते. तशा गोळीने म्हाताऱ्या माणसाची बुद्धी गढुळते, हे घरात कोणाला माहीत असणार?

डॉक्टरांनी विचारलं, “दिवसभर काय करतात?”

थोरला अभिमानाने म्हणाला, “काही करू देत नाही आम्ही.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “वयाने मेंदू मंदावतो. नाव ओठावर येऊन अडतं, नवीन गोष्ट शिकायला वेळ लागतो. पण इतकं एवढ्यात नाही. मेंदूत आजाराची झीज सुरू झालीय का, ते बघावं लागेल. असेलही. ती झीज मी भरून काढू शकत नाही. पण हे कान, हे रक्त, ही गोळी आणि ती आरामखुर्ची, यांचं तरी काहीतरी करू.”

डॉक्टर हवेत बोलत नव्हते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी चौदा कारणं मांडली, आणि ती आयुष्यभरात हाताळता आली तर सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळू किंवा लांबू शकतात असा अंदाज दिला. त्या यादीत मधुमेह, रक्तदाब, कमी ऐकू येणं, हालचाल नसणं आणि माणसांत नसणं हे सगळं आहे. म्हणजे अण्णांची माडीच म्हणायची. हैदराबादेत ६४८ रुग्णांचा अभ्यास झाला होता, २०१३ साली तो प्रसिद्ध झाला; एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांत लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली होती, अगदी निरक्षर माणसांतसुद्धा. अण्णांची कानडी मात्र गल्ला सुटला त्याच दिवशी सुटली होती. निपाणीशी आता थोरला मोबाइलवर मेसेज करून भाव ठरवायचा.

कानाचं यंत्र आलं. अण्णांनी आठवडाभरात ते खणात टाकलं. “कानात भांडी आदळतात,” म्हणाले. नातीने रोज थोडा थोडा वेळ लावून सवय करून दिली. बी-१२ ची इंजेक्शनं झाली, सर्दीची गोळी बंद झाली. आणि एका सकाळी थोरला स्वतः माडीवर जाऊन म्हणाला, “अण्णा, खाली येता का? निपाणीचा माणूस ऐकत नाहीये माझं.”

गाडी लगेच रुळावर आली नाही. पहिल्याच आठवड्यात अण्णांनी एकाला शंभराऐवजी दोनशे परत दिले, आणि तूरडाळीच्या पुडीवर हरभऱ्याचा भाव लिहिला. थोरला चिडला. “म्हणूनच सांगत होतो, बसा वर!” अण्णा मुकाट्याने उठायला लागले.

सून जिन्यात उभी होती. म्हणाली, “अहो, कॉम्प्युटर आणलात तेव्हा दोन महिने रोज रात्री हिशेब चुकायचा तुमचा. अण्णांनी तुम्हाला वर बसवलं होतं का?”

अण्णांना हे ऐकू गेलं. यंत्राचा पहिला खरा उपयोग तोच.

त्या दिवशी दुकानाची वाटणी झाली. बिलं आणि मोठ्या नोटा थोरल्याकडे. सुट्टा माल, गूळ, मसाल्याचं सामान, उधारीवाल्या म्हाताऱ्या बायका आणि निपाणीचा फोन अण्णांकडे. पाण्याचा तांब्या त्यांनी स्वतः उठून घ्यायचा, हे सुनेने स्वतःला बजावलं. तिला ते सगळ्यात जड गेलं. संध्याकाळी नातीबरोबर नदीकाठी प्रीतिसंगमापर्यंत चालत जायचं ठरलं. पावसात ते बंद पडायचं.

याला आता काही वर्षं झाली. झीज होतीच, ती थांबलेली नाही. अण्णा नावं विसरतात, गिऱ्हाइकाला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारतात, कधी औटकी मध्येच अडते. मग ते बोटांवर मोजतात, पुन्हा पहिल्यापासून धरतात. समोरची म्हातारी थांबते. तिलाही घाई नसते, आणि तिला सुनेची तक्रार अजून सांगायची असते.

परवा एक तरुण पोरगा हातात पिशवी घेऊन ताटकळत होता. वैतागून थोरल्याला म्हणाला, “शेठ, कॉम्प्युटर आहे ना? मग यांना कशाला बसवलंय इथे?”

थोरला बिल काढता काढता म्हणाला, “घाई असेल तर इकडे या. ती रांग अण्णांची आहे.”