संकल्प कुणाचा?

नाशिकच्या रामकुंडावर दान देताना आधी संकल्प सोडतात. नाव-गोत्र उच्चारायचं, पाणी आपल्याच हाताने सोडायचं. देणाऱ्याने मनापासून दिलं नाही तर ते दान नव्हेच. परिचारिका म्हणून जन्म वॉर्डात काढला, तिथे शिकण्यासाठी रुग्णाचं शरीर हाताळताना हा नियम कुणी पाळलेला क्वचितच दिसला.

सुरगाण्याकडची एक बाई, पोटात गाठ. शिकाऊ मुलांनी एकामागून एक पोट दाबलं. ती पदर दातात धरून भिंतीकडे पाहत राहिली. विचारलं कुणीच नाही. ‘उपचार फुकट होतात, मग एवढं द्यायला काय हरकत?’ असं म्हणणारे भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. उपचार हा तिचा हक्क; त्याची वसुली अंगातून करायची नसते.

हात लावल्याशिवाय डॉक्टर घडत नाही, हे मान्य. पण २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही. मग उपचारासाठी आलेली बाई शिकवणीला आपोआप कशी राजी? २०१९पासून एमबीबीएसला नीती आणि संवाद शिकवतात; तो धडा वॉर्डातही उतरायला हवा.

मुलांनो, एवढंच म्हणा: “मावशी, मी शिकतोय. पोट तपासू का? नको म्हणालात तरी उपचार थांबणार नाहीत.” नाही म्हणाली, तर पुढच्या खाटेकडे जा.